गोगलगाय आणि दोन चाबूक

शनिवार, १३ सप्टेंबर २००८ या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास करोल बागेतील गफ्फार मार्केटमध्ये बाँबस्फोट झाला. सरहद्द गांधी खान अब्दुल गफारखान यांचे नाव लावणारा हा बाजार फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी वसविलेला आहे. शनिवारची संध्याकाळ ही तेथील ऐन गर्दीची वेळ असते. पुढील काही मिनिटांतच कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलास येथेही स्फोट झाले. वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि कित्येक जखमी झाली. त्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत दुसऱ्या दिवसाची पाने लागत होती, आणि त्या पानांवर नेहमीप्रमाणे एक चौकट व्यंगचित्रासाठी मोकळी होती. ती मोकळी ठेवावी काय? की तिच्यात काही काढावे, आणि काढावयाचे तर काय काढावे?

प्रचलित आणि गंभीर घटनांवर व्यंगचित्रांनी व चित्रमालिकांनी विनोद करावा की नाही, हा आजचा विषय आहे. करोल बागेत त्याचा विचार करताना दूरची उदाहरणे शोधण्याची गरज पडत नाही.

त्या स्फोटांनंतर विनोदाला एक विषय लौकरच सापडला. केंद्रीय गृहमंत्री होते लातूरचे शिवराज पाटील. दूरदर्शनच्या निरनिराळ्या वाहिन्यांवर त्या संध्याकाळी ते दिसले तेव्हा दर वेळी त्यांच्या अंगावर वेगळा पोशाख होता, असे कुणाच्या तरी ध्यानात आले. झाले! रुग्णालयांत जखमींवर उपचार चालू असताना गृहमंत्री कपडे बदलत होते, ही गोष्ट देशभर झाली. तिच्यावर विनोद झाले, स्फुटे लिहिली गेली, चित्रे निघाली. टीका करावयाची तर धोरणांवर करावी, कपड्यांवर करू नये, अशा आशयाचे उत्तर पाटील यांनी दिले. ते कुणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि ३० नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

हा विनोद अनुचित होता, असे सहसा कुणी म्हटले नाही. मृतांची त्यात थट्टा नव्हती आणि ज्याच्यावर जबाबदारी होती त्याच्यावरच तो होता. तरीसुद्धा त्याकडे पुन्हा पाहिले असता एक गोष्ट खटकते. गुप्तवार्ता कुठे अडली, गजबजलेल्या बाजारात बेवारस वस्तूकडे लक्ष ठेवण्याची काय व्यवस्था होती, त्याच वर्षी जयपूर, बंगलोर व अहमदाबाद येथे स्फोट झाल्यानंतरही राजधानी बेसावध कशी राहिली, हे प्रश्न चित्रात मांडणे कठीण आहे. तीन पोशाखांतील एक मंत्री काढणे अगदी सोपे आहे. विनोद झाला, लोक हसले, आणि ज्या कामाचा जाब विचारावयाचा ते काम हसण्याबाहेर राहिले. मंत्र्यांचे उत्तर, कुणी काहीही म्हणो, बरोबर होते. ते देण्याचा अधिकार त्यांना त्या वेळी उरला नव्हता, इतकेच.

या विषयावरील वाद बहुधा दोन ठराविक भूमिकांमध्ये अडकून पडतो. एका पक्षाच्या मते काही घटना अशा असतात की त्यांच्या जवळपासही हसू फिरकता कामा नये. दुसऱ्या पक्षाच्या मते लोकशाहीत हसण्याच्या कक्षेबाहेर काहीच नसते, आणि ज्याला दुखते त्याने पान उलटावे. दोन्ही पक्ष घटनेचे वजन करीत बसतात. घटना किती भयंकर, किती ताजी, किती माणसे दगावली, यावर विनोदाची परवानगी ठरावी असे एकाला वाटते आणि ठरू नये असे दुसऱ्याला वाटते. विनोद त्या घटनेतील नेमक्या कोणत्या जागी लागतो आणि ती जागा त्याने बरोबर हेरली आहे काय, हे तपासण्याचे कष्ट मात्र दोघेही घेत नाहीत.

मराठी वाचकाला तर हसू आणि शोक एकाच पानावर पाहण्याची सवय आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, पुढील जानेवारीत मुंबईत पुन्हा गोळ्या चालल्या, आणि हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्र्यांचा 'मराठा' निघाला तो या दुःखातूनच, आणि त्याची लेखणी हसत हसत वार करीत होती. मोरारजी देसाई यांची जितकी टिंगल त्या काळात झाली तितकी क्वचितच कुणाची झाली असेल. हुतात्म्यांचा त्यात अवमान झाला, असे कुणाला वाटले नाही. गोळी ज्यांच्या हुकमाने सुटली त्यांच्याकडे त्या हसण्याचे तोंड होते.

तेव्हा नियम सोपा आहे असे वाटू लागते. सत्तेवर हसावे, सोसणाऱ्यावर हसू नये. बहुतेक प्रसंगी हा नियम उपयोगी पडतो. तो कुठे तोकडा पडतो ते पुढे येईल. तत्पूर्वी चित्रमालिकेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण व्यंगचित्र आणि चित्रमालिका यांची गल्लत नेहमी होते.

एकेरी राजकीय व्यंगचित्र संध्याकाळी काढले जाते आणि सकाळी छापले जाते. चित्रमालिका पुष्कळदा कित्येक दिवस, कधी काही आठवडेही, आधी तयार करून द्यावी लागते. ताज्या घटनेवर भाष्य करण्यात तिला ही पहिली अडचण आहे. अमेरिकेतील 'डून्सबरी' या चित्रमालिकेचे कर्ते गॅरी ट्रुडो यांनी २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या आठवड्याची चित्रे मतदानाआधीच वृत्तपत्रांना पाठविली, आणि त्यांत ओबामा निवडून आले असे धरून चालले होते. अंदाज खरा ठरला म्हणून बरे झाले. दुसरी गोष्ट पात्रांची. चित्रमालिकेतील माणसे रोज सकाळी चहाबरोबर घरात येतात. वाचकाला ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी होऊन जातात. २००४ च्या एप्रिलमध्ये याच मालिकेतील बी. डी. नावाच्या पात्राचा पाय इराकच्या युद्धात गेला. हे पात्र १९७० पासून वाचकांच्या ओळखीचे होते आणि सदैव डोक्यावर शिरस्त्राण घालून वावरत असे. त्या दिवशी ते प्रथमच शिरस्त्राणाविना दिसले. पुढील अनेक महिने ही मालिका रुग्णालयात आणि पुनर्वसनाच्या केंद्रात वावरत राहिली आणि तेथेही विनोद करीत राहिली. जखमेवर कुणी हसले नाही. जखमी माणसाच्या चिडखोरपणावर, डॉक्टरांच्या गोड बोलण्यावर, भेटीस येणाऱ्यांच्या अवघडलेपणावर लोक हसले. अग्रलेखांतून जे वाचकांपर्यंत पोहोचत नव्हते ते या ओळखीच्या माणसाच्या द्वारा पोहोचले.

याच मालिकेने १९७३ साली वॉटरगेट प्रकरणातील एका आरोपीला न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच दोषी ठरवून टाकले होते, हेही सांगितले पाहिजे. काही वृत्तपत्रांनी ते चित्र छापले नाही, आणि त्यांत ते प्रकरण उघडकीस आणणारे 'वॉशिंग्टन पोस्ट'ही होते. विनोद म्हणून त्या चित्राला सूट द्यावी, असे त्या पत्राच्या संपादकांना वाटले नाही. हा निर्णय कडक असेल. परंतु त्यामागे विनोदाला गांभीर्याने घेण्याची वृत्ती दिसते. १९७५ साली ट्रुडो यांना राजकीय व्यंगचित्रांसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. चित्रमालिकेला ते प्रथमच मिळत होते.

मराठीत याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ साली 'सकाळ'मधून सुरू झाला. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातील एक मुलगा, त्याचे आईवडील, मित्रमैत्रिणी, शाळा, परीक्षा, सुट्टी. राजकारण आणि दंगेधोपे यांपासून ही मालिका सहसा दूर राहिली. तिला कुणी पळपुटी म्हणू नये. पहिल्या पानावर काय छापून येते हे त्या वाचकांना ठाऊकच होते. आतल्या पानावर मुलांसाठी तीन चौकटींची एक जागा राखून ठेवणे हीसुद्धा एक भूमिकाच आहे. प्रत्येक चित्रकाराने प्रत्येक घटनेवर बोललेच पाहिजे, हा आग्रह विनोदाला मारक ठरतो. सक्तीने केलेला विनोद शोकसंदेशाइतकाच निर्जीव होतो.

आता दिल्लीकडे यावयाचे.

दिल्लीच्या राजकीय व्यंगचित्राची गोष्ट केशव शंकर पिळ्ळै यांच्यावाचून सांगता येत नाही. त्रावणकोरचे हे चित्रकार १९३२ साली 'हिंदुस्थान टाइम्स'मध्ये आले, आणि १९४८ साली त्यांनी 'शंकर्स वीकली' हे स्वतःचे साप्ताहिक काढले. आपल्यालाही सोडू नका, असे पंडित नेहरूंनी त्यांना सांगितल्याचे प्रसिद्ध आहे, आणि शंकर यांनी ते अक्षरशः पाळले. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. ऑगस्टअखेरीस साप्ताहिक बंद करताना त्यांनी जे लिहिले त्याचा आशय असा होता की, हुकूमशाहीला हसणे परवडत नाही. त्याच वर्षी १० डिसेंबरला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचे एक चित्र आले. राष्ट्रपती न्हाणीघरात टबात बसले आहेत आणि दार किलकिले करून पुढे केलेल्या वटहुकमावर तेथूनच सही करीत आहेत. अबू त्या वेळी राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चित्राचे मोल अधिक कळते. त्या काळातील कोणती घटना याहून गंभीर होती? तथापि ते चित्र कुणाला अनुचित वाटत नाही. राष्ट्रपतींच्या सहीची जी अवस्था झाली होती ती त्यात जशीच्या तशी आहे. अबूंनी ती न्हाणीघरात नेली एवढाच काय तो फरक.

शंकर यांचे दुसरे एक चित्र मात्र इतके सरळ नाही. ते २८ ऑगस्ट १९४९ चे. एका मोठ्या गोगलगाईवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत. गोगलगाय म्हणजे संविधान. बाबासाहेबांच्या हातात चाबूक आहे आणि ते तिला हाकीत आहेत. त्यांच्या मागे पंडित नेहरू उभे आहेत. त्यांच्याही हातात चाबूक आहे आणि तो उगारलेला आहे. सभोवती बघ्यांची गर्दी आहे.

त्या दिवशी ही घटना ताजी आणि गंभीर होती. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली होती. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली, म्हणजे हे चित्र आले तेव्हा तिला एका दिवसाने दोन वर्षे होत होती. मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेपुढे आला, तरी कलमावार चर्चा संपत नव्हती. देश अजून १९३५ च्या कायद्यात फेरफार करून चालविला जात होता, आणि निवडणुका कधी होणार ते सांगता येत नव्हते. सभेला फार वेळ लागत आहे, पैसा वाया जात आहे, ही तक्रार सर्वतोमुखी होती. तेव्हा तिच्यावर चित्र काढण्याचा शंकर यांना अधिकार होता काय, असा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांचे ते कामच होते.

ते चित्र खरे होते काय, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो. आणि येथे सभेच्या कामकाजाचे वृत्तांत उघडले पाहिजेत. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभेत मसुदा समितीची हकिगत सांगितली आहे. सात सभासदांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानांच्या कामात गुंतले होते, एक-दोघे दिल्लीपासून दूर होते आणि प्रकृतीमुळे येऊ शकत नव्हते. परिणामी मसुद्याचा भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला. हे भाषण चित्राच्या जवळजवळ दहा महिने आधीचे आहे. सभेत जे घडत होते त्यावर साप्ताहिक चालविणाऱ्या चित्रकाराला ते अपरिचित असण्याचे कारण नव्हते. मसुद्याला ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. विलंब होता तर तो या दुरुस्त्यांचा होता, सभेचा होता, आणि एका अर्थी लोकशाहीचाच होता. जो माणूस सर्वांत जास्त ओझे वाहत होता त्यालाच गोगलगाईवर स्वार करून त्याच्या पाठीमागे चाबूक उगारणे, ही कल्पना म्हणून चपखल असली तरी वृत्त म्हणून चुकीची आहे. गृहमंत्र्यांच्या पोशाखासारखेच येथेही घडले आहे. चित्राला जे सोपे होते ते चित्राने घेतले.

आणि येथेच सत्तेवर हसावे, सोसणाऱ्यावर हसू नये, हा नियम तोकडा पडतो. १९४९ साली आंबेडकर कायदामंत्री होते, मसुदा समितीचे अध्यक्ष होते. पदाने पाहिले तर ते सत्तेत होते आणि त्यांच्यावर हसणे म्हणजे वरच्यावर हसणे होते. जन्माने लादलेल्या स्थानावरून पाहिले तर ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या पाठीवर चाबूक उठले त्यांच्यापैकी ते होते, आणि त्यांच्या मागे उगारलेला चाबूक एका ब्राह्मण पंतप्रधानाच्या हातात होता. एकच माणूस एकाच चित्रात वरही आहे आणि खालीही आहे. शंकर यांच्या मनात हा दुसरा अर्थ असेल असे मानण्यास काही आधार नाही. त्यांना दिरंगाईच दाखवावयाची होती. परंतु चाबूक ही वस्तू चित्रकाराच्या हेतूला बांधलेली नसते.

करोल बाग या वस्तीकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट चांगली कळते. नवी दिल्ली बांधताना ज्यांची घरे गेली त्यांना वसविण्यासाठी हा भाग वाढला. चामड्याचे काम करणाऱ्या रैगर समाजाची वस्ती येथे रैगरपुरा या नावाने उभी राहिली. १९४७ च्या सप्टेंबरात येथे दंगली झाल्या. त्यांत मारले गेलेले शल्यविशारद डॉ. एन. सी. जोशी यांच्या नावाचे रुग्णालय आजही येथे आहे. पुष्कळ मुसलमान कुटुंबे निघून गेली आणि पश्चिम पंजाब व सरहद्द प्रांतातून आलेले निर्वासित राहू लागले. आता १९४९ च्या ऑगस्टातील करोल बाग डोळ्यांसमोर आणावी. घर, दुकान, नुकसानभरपाई, मुलांची शाळा या प्रत्येकासाठी कचेरीपुढे रांग लावणाऱ्या निर्वासिताला दिल्लीतील सारे सरकारच गोगलगाय वाटत असले तर नवल नाही. शंकर यांचे चित्र त्याला आपल्या मनातले वाटले असते. तेथून काही गल्ल्या पलीकडे, रैगरपुऱ्यात, तेच चित्र कसे दिसले असते? कातडे कमावणाऱ्याच्या मुलाला गोगलगाय दिसण्याआधी चाबूक दिसला असता. तो चुकीचे पाहत होता, असे म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या गल्लीला नाही.

१९४९ साली या दोन वाचकांची गाठ पडली नाही, कारण त्यांपैकी एकाच्या हाती इंग्रजी साप्ताहिक येण्याचा संभव फार थोडा होता. गाठ पडावयास सत्तावन्न वर्षे लागली. २००६ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, अकरावीसाठी संविधानावर एक पाठ्यपुस्तक काढले. पाठांतराऐवजी विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत, असे त्याचे धोरण होते. पानोपानी जुनी व्यंगचित्रे होती, आणि उन्नी व मुन्नी ही दोन चित्रपात्रे आगाऊपणे शंका काढीत होती. गोगलगाईचे चित्र त्यात होते. संविधानाला इतका वेळ का लागला असावा, असे त्याखाली विद्यार्थ्याला विचारले होते, आणि मजकुरात या वेळेचे समर्थनच होते. सभेने घाईने मतदान उरकण्याऐवजी प्रत्येक प्रश्नाची साधकबाधक चर्चा केली, असे विद्यार्थ्याला समजावून दिले होते. पुस्तकाच्या मुख्य सल्लागारांपैकी एक पुण्याचे प्राध्यापक सुहास पळशीकर होते, दुसरे योगेंद्र यादव.

सहा वर्षे कुणी काही बोलले नाही. २०१२ च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातून निषेधाला प्रारंभ झाला, आणि ११ मे रोजी हा विषय लोकसभेत उसळला. अध्यक्षस्थानी मीरा कुमार होत्या. १९९६ आणि १९९८ साली त्या करोल बाग या राखीव मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून गेल्या होत्या. दोनच दिवसांनी संसदेला साठ वर्षे पूर्ण व्हावयाची होती. मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी क्षमा मागून चित्र काढून टाकण्याचे आश्वासन दिले. पळशीकर आणि यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कचेरीत घुसून मोडतोड करण्यात आली. दलितांच्या राजकारणाचा आयुष्यभर सहानुभूतीने अभ्यास करणाऱ्या माणसाच्या टेबलखुर्च्या मोडून कोणता सन्मान साधला, हे मोडणाऱ्यांनाच ठाऊक. हा भाग निंद्य होता, आणि त्याविषयी अधिक काही बोलण्याची आवश्यकता नाही.

अधिक बोलावयाचे ते दुखावलेल्यांच्या म्हणण्याविषयी. त्या आठवड्यांत त्यांना विनोदबुद्धी नाही, चित्र वाचता येत नाही, असे विद्वज्जनांकडून पुष्कळदा ऐकविले गेले. ही समजूत वरवरची होती. आंबेडकरांवर त्या काळात निघालेली व्यंगचित्रे एकत्र पाहिली तर चाबकाची शंका निराधार वाटत नाही. उन्नमती श्याम सुंदर या संशोधकाने १९३२ ते १९४८ या काळातील अशी शंभराहून अधिक चित्रे जुन्या वृत्तपत्रांतून शोधून काढली, आणि ती २०१९ साली पुस्तकरूपाने आली. त्या संग्रहाचे नावच 'ही हसण्याची गोष्ट नव्हे' अशा अर्थाचे आहे. त्या काळच्या नामांकित चित्रकारांची चित्रे त्यात आहेत. गांधी, नेहरू, जीना यांच्यावरही हे चित्रकार हसत होते. परंतु आंबेडकर पुष्कळ ठिकाणी इतरांहून खुजे, हट्टी पोरासारखे, मोठ्यांच्या कामात लुडबूड करणारे असे येतात. एकेक चित्र सुटे पाहिले तर ती त्या दिवसाची थट्टा आहे. शंभर चित्रे ओळीने पाहिली की ती सवय दिसू लागते. मुसलमान, ख्रिस्ती, दलित, स्त्रिया यांच्यावरील विनोदाचे मूल्यमापन सुट्या चित्रावरून करू नये, याचे कारण हेच आहे.

तरीही चित्र पुस्तकातून काढून टाकणे हा उपाय बरोबर होता, असे म्हणवत नाही. डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने नववी ते बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांतील चित्रे तपासून त्यांपैकी अनेक गाळण्याची शिफारस केली. नेत्यांची प्रतिमा मलिन होते, विद्यार्थ्याच्या मनावर चुकीचा परिणाम होतो, असा एकूण सूर होता. समितीचे एक सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदविले. दरम्यान तमिळनाडूत आर. के. लक्ष्मण यांच्या हिंदीविरोधी आंदोलनावरील एका जुन्या चित्राविरुद्ध तक्रार उठलीच होती. एकदा गाळावयास आरंभ केला की कुठे थांबावे हे कळेनासे होते. आंबेडकरांच्या अवमानाचा प्रश्न बाजूला राहिला, आणि सर्व पक्षांच्या राजकारण्यांना आपल्यावरील हसू शाळेतून हद्दपार करण्याची आयती संधी मिळाली. हे दलितांच्या तक्रारीचे निवारण नव्हे. तिचा तो वापर होता.

करोल बागेतील एखाद्या शाळेत अकरावीच्या एकाच बाकावर निर्वासिताचा नातू आणि रैगरपुऱ्यातील मुलगा शेजारी बसणे अगदी शक्य आहे. ते चित्र पुस्तकात असते आणि शिक्षकाने दोघांना काय दिसते ते विचारले असते, तर संविधानाचा तो सर्वांत चांगला तास झाला असता. मात्र त्यासाठी पुस्तकाने दुसऱ्या मुलाचा प्रश्नही छापावयास हवा होता. वेळ का लागला, एवढेच विचारून भागत नव्हते. चाबूक दोन का आहेत, आणि गर्दीत कोण आहे, हेही विचारावे लागले असते. संपादक उदारमतवादी होते, अभ्यासू होते, पुस्तक उत्तम होते. परंतु हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. सहा वर्षांत ते ध्यानात आले नाही यावरून शाळेतील बाकावर कोण बोलते आणि कोण गप्प राहते याचाही काही अंदाज करता येईल.

चित्राशेजारी काय छापता आले असते याचे उत्तर खुद्द बाबासाहेबांनी तयार करून ठेवले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांचे समारोपाचे भाषण झाले. दिरंगाईच्या आरोपाला त्यांनी आकडे देऊन उत्तर दिले. अमेरिकेला चार महिने लागले. कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष. परंतु अमेरिकेच्या संविधानात सातच अनुच्छेद, कॅनडाच्या १४७, ऑस्ट्रेलियाच्या १२८ आणि दक्षिण आफ्रिकेच्या १५३ कलमे. भारताच्या संविधानात ३९५, आणि त्यांवर त्या अडीच हजार दुरुस्त्यांचा निकाल लावावा लागला. मग ते थट्टेकडे वळले. सभेतील एक सदस्य नझिरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीच्या इंग्रजी नावातील एक अक्षर बदलून तिला भरकटणारी समिती असे नाव दिले होते. आंबेडकरांनी त्यावर रागावण्याचे कारण पाहिले नाही. टोला चांगला बसला म्हणून अहमद खूष असतील, असे म्हणून त्यांनी तोच शब्द उचलला, आणि भरकटणे दोन प्रकारचे असते, एक हाती सुकाणू नसताना आणि एक असताना, हे सांगून टाकले. सापडला तर सापडला म्हणून समिती गळ टाकून बसलेली नव्हती. माहितीच्या पाण्यात हवा तो मासा ती शोधीत होती.

दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, सभेने संविधान स्वीकारले. गोगलगाईचे चित्र छापून येऊन त्या दिवशी नव्वद दिवस झाले होते.